वृक्षहीन भूमीचे हवामान : जालना जिल्ह्यातील वनऱ्हासाचा विचार

जंगल तुटले म्हणून पाऊस हटला, हे विधान मराठवाड्यात गेल्या काही दशकांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. दुसऱ्या बाजूला, पाऊस समुद्रावरून येतो, झाडांचा त्याच्याशी संबंध काय, असे विचारून हा विषय एका वाक्यात निकालात काढणारेही कमी नाहीत. जालना जिल्ह्याच्या संदर्भात ही दोन्ही मते अपुरी पडतात. वनऱ्हासाचा हवामानावरील परिणाम एकाच वेळी तीन पातळ्यांवर घडत असतो : जमिनीलगतच्या काही मीटर उंचीच्या हवेत, नदीखोऱ्याएवढ्या किंवा उपखंडाएवढ्या प्रदेशात, आणि संपूर्ण पृथ्वीच्या वातावरणात. या तीन पातळ्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते आणि तिच्यामागोमाग सरकारी योजनाही भरकटतात. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की जालन्यासारख्या जिल्ह्यात वनऱ्हासाने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बिघडवले ते पडलेल्या पावसाचे जमिनीवरचे आयुष्य. पावसाच्या एकूण प्रमाणाचा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी जिल्ह्याच्या सीमेबाहेर शोधावे लागते.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून अस्तित्वात आलेला हा जिल्हा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा असून त्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेला गोदावरी आणि मधल्या पठारावर पूर्णा, गिरजा, केळणा, दुधना व कुंडलिका या नद्यांची खोरी आहेत. सह्याद्री ओलांडून आलेले मोसमी वारे आपली बरीचशी वाफ घाटमाथ्यावरच ओतून येतात, त्यामुळे हा प्रदेश पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे पाऊस कमी मिळणाऱ्या पट्ट्यात मोडतो. येथील वार्षिक पाऊस सरासरीने ६५० ते ७५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तर उघड्या पाण्यावरून उन्हावाऱ्याने वर्षभरात जितकी वाफ होऊ शकते तिचे मान या पावसाच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे आकाशाकडून होणाऱ्या मागणीच्या निम्मेही पाणी या भूमीला मिळत नाही, आणि म्हणून जे मिळते ते किती काळ टिकते यावरच येथील शेतीचे आणि पिण्याच्या पाण्याचे गणित अवलंबून राहते.

अशा जिल्ह्यात वनाचे प्रमाण किती आहे? १९५२ आणि १९८८ या दोन्ही राष्ट्रीय वननीतींनी देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वने असावीत असे उद्दिष्ट ठेवले; महाराष्ट्रात ते प्रमाण भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार सुमारे साडेसोळा टक्के आहे; जालना जिल्ह्यात ते दोन टक्क्यांच्याही आत आहे. या आकड्याकडे पाहताना एक परिभाषा ध्यानात ठेवावी लागते. सर्वेक्षणाच्या लेखी 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राने किमान दहा टक्के जमीन झाकलेली असणे. ती जमीन कुणाच्या मालकीची आहे आणि झाडे कोणत्या जातीची आहेत, याचा त्यात विचार नसतो. त्यामुळे फळबागाही उपग्रहाला वनाच्छादन म्हणून दिसू शकतात, आणि मोसंबीसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात ही बाब क्षुल्लक नाही. पाणी देऊन जगवलेली बाग आणि पाणी मुरवून जगणारे रान यांचे हवामानाशी असलेले नाते परस्परविरुद्ध असू शकते. आकड्यात मात्र ती दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

हा प्रदेश पूर्वी सर्वत्र घनदाट अरण्याने झाकलेला होता, असे मानणेही बरोबर नाही. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय, आणि तेथील उत्खननाने हे नगर सातवाहनकाळात भरभराटीस आले होते हे दाखवून दिले आहे; म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांगराखाली असावी. पठाराचा बराच भाग मूळचाच गवताळ माळ होता, आणि काळवीट, लांडगा यांसारखे उघड्या माळावरचे प्राणी त्याचे साक्षीदार आहेत. झाडी होती ती उत्तरेच्या डोंगरउतारांवर, ओढ्यांच्या काठाने आणि मुरमाड, बरड जमिनींवर : साग, सालई, धावडा, खैर, पळस, अंजन, टेंभुर्णी, मोह अशा पानगळी जातींची, उंचीने मध्यम आणि बरीचशी विरळ. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव या क्षेत्राशी महानुभाव परंपरेने तेराव्या शतकातील श्रीचक्रधरस्वामींची वाघाच्या पिल्लांना खेळवल्याची कथा जोडलेली आहे. कथेचा धार्मिक आशय बाजूला ठेवला तरी त्या डोंगरात वाघाला थारा देणारी झाडी होती, ही गोष्ट परंपरेने सहज गृहीत धरली आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढा पुरावाही मोलाचा वाटतो.

ही झाडी एका घावात गेली नाही. लागवडीचा विस्तार होत गेला तशी हलकी जमीनही वहितीखाली आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला, कापसाची बाजारपेठ वाढली आणि सरकी काढणारे जिनिंग कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर इंधनाची आणि इमारती लाकडाची मागणीही वाढली. घरोघरच्या चुलीला सरपण लागतच होते. सरपण संपले की पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात, त्याही अपुऱ्या पडल्या की शेणाच्या गोवऱ्या जळतात, आणि शेतात जायचे खत चुलीत जाते. इंग्लंडहून १८८९ मध्ये भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आलेल्या जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात नेमकी हीच साखळी दाखवली होती आणि गावोगाव सरपण व चाऱ्यासाठी राखीव राने वाढवावीत, म्हणजे शेण जमिनीला मिळेल, अशी शिफारस केली होती. झाड तोडल्याने जमिनीतील सेंद्रिय द्रव्य घटते आणि ते घटले की जमिनीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते, हे कार्यकारण व्होएल्करच्या मांडणीतून थेट निघते. सव्वाशे वर्षांनंतरही त्यात दुरुस्ती करावी असे काही नाही, आणि ती शिफारस अंमलात न आल्याची किंमत मराठवाड्याची जमीन आजही मोजत आहे.

वन आणि पाऊस यांच्या संबंधाचा वाद तर त्याहूनही जुना आहे. कंपनी सरकारच्या सेवेतील वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, वने तोडल्याने प्रदेश शुष्क होत जातो, असा सिद्धान्त हिरिरीने मांडला; एडवर्ड बाल्फोर यांचे याविषयीचे टिपण १८४९ सालचे आहे, आणि मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये झालेली नेमणूकही त्याच काळातील. पुढे भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८७ च्या सुमारास मध्य प्रांतातील पर्जन्यनोंदी तपासून, तोड थांबवून वने राखल्यानंतर तेथे पाऊस वाढल्याचे दिसते, असा निष्कर्ष सावधपणे काढला. १९१० मध्ये गिल्बर्ट वॉकर यांनी मात्र देशभराच्या नोंदी पाहून, वनतोडीमुळे भारताचे हवामान कायमचे बदलल्याचा पुरावा मिळत नाही, असे मत दिले. या दोघांपैकी कुणीही निष्काळजी नव्हते. त्यांच्याजवळ फक्त पर्जन्यमापक होते, आणि पर्जन्यमापक पाऊस किती पडला एवढेच सांगतो. त्या पावसाची वाफ कुठून आली आणि पडल्यानंतर त्याचे काय झाले, हे तो सांगू शकत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दोन्ही टोके मोजता येऊ लागली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

त्यांपैकी जमिनीलगतच्या पातळीचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण जालन्याच्या रहिवाशाला रोज अनुभवास येते ती हीच पातळी. वनस्पती मुळांनी घेतलेले पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, पण ती तापमापकात दिसत नाही, कारण ती वाफेतच दडून राहते. म्हणून तिला सुप्त उष्णता असे नाव आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी ऊर्जा खर्ची पडते. दिवसाला शंभर लिटर पाणी सोडणारा मोठा वृक्ष आपल्या परिसरातील साठ-सत्तर युनिट उष्णता अशा रीतीने दडवून ठेवतो. वृक्ष नसला की तीच सूर्यशक्ती आधी माती आणि मग हवा तापवते.

येथे अभ्यासकांकडून एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. झाडांचे छत्र गडद असल्याने ते सूर्यप्रकाश अधिक शोषते, तर उघडी किंवा गवताची जमीन तो अधिक परतवते. प्रकाश परतवण्याच्या या गुणाला परावर्तकता म्हणतात, आणि उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांत जंगल तोडल्याने जमीन उलट थंड होते ती याच कारणाने. पण जालन्याची भूमी बेसाल्ट खडकापासून झालेली काळी भूमी आहे. फेब्रुवारीत रब्बीची काढणी झाल्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे नेमक्या उन्हाच्या महिन्यांत, ती नांगरून उघडी पडलेली असते आणि तिची परावर्तकता अत्यंत कमी असते. पुण्याच्या कृषिहवामान विभागात एल. ए. रामदास यांनी १९३० च्या दशकात काळ्या जमिनीवर केलेल्या निरीक्षणांत उन्हाळ्यातील दुपारी भूपृष्ठाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे जात असल्याचे आढळले होते, आणि त्याच जमिनीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिल्यास ते लक्षणीयरीत्या उतरते, हेही त्यांनी दाखवले होते. म्हणजे वृक्षाच्छादन गेल्यावर निदान परावर्तनाने तरी भरपाई होईल, ही आशा या भूमीवर फोल ठरते : सावली गेली, बाष्पोत्सर्जन गेले, आणि खाली उघडी पडली ती तितकीच गडद माती.

पानगळी झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण असतात, मग ती गारवा कसा देणार, हाही प्रश्न विचारला जातो. सालई आणि धावड्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परंतु कडुनिंब, वड आणि पिंपळ फाल्गुन-चैत्रात, पावसाच्या दोन-तीन महिने आधीच नवी पालवी धरतात, कारण त्यांची मुळे खडकाच्या भेगांतून खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाखाली वैशाखात माणसे आणि गुरे विसावतात, त्याचे शास्त्रीय कारण हेच, आणि बांधावरची व रस्त्याच्या कडेची जुनी झाडे विटभट्टीसाठी किंवा रुंदीकरणासाठी गेली तेव्हा गावाच्या उन्हाळ्यात जी भर पडली ती कोणत्याही सरकारी तापमाननोंदीत उमटली नाही, कारण वेधशाळेचा तापमापक नियमाप्रमाणे सावलीच्या पेटीत ठेवलेला असतो.

यापुढची गोष्ट पाण्याची. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसून वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत जाण्याऐवजी उतारावरून वाहू लागते. पालापाचोळा, गवत आणि मुळे असली की थेंबाचा मार आधीच मोडतो आणि मुळांनी व किड्यामुंग्यांनी केलेल्या वाटांनी पाणी खाली मुरते. काळ्या मातीत हा फरक आणखी तीव्र होतो, कारण ती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. आणि तिच्याखालचा बेसाल्ट इतका घट्ट आहे की भूजल साठते ते फक्त झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या सांधींत. हा साठा मुळातच लहान. तो भरायचा तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाण्याला जमिनीवर थांबायला अवधी मिळाला पाहिजे, आणि तो अवधी देणारे आच्छादन माथ्यावरच नसेल तर पायथ्याच्या विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवणारच. कुंडलिकेवरील घाणेवाडीचा तलाव निजामकाळात जालना शहरासाठी बांधला गेला आणि तेथून केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात येई. पुढे तो गाळाने भरत गेला आणि अखेर नागरिकांना पुढाकार घेऊन गाळ उपसावा लागला. हा गाळ म्हणजे पाणलोटातील, अर्थात ज्या क्षेत्राचे पाणी त्या तलावात उतरते त्या क्षेत्रातील, उघड्या रानांची सुपीक माती होय. ती शेतकऱ्यांनी पुन्हा शेतात नेऊन टाकली हे उत्तमच झाले, पण वरचे उतार झाकले गेले नाहीत तर हा उपसा दर पिढीला करावा लागेल.

२०१२ च्या अवर्षणात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. वर्षानुवर्षे वाढवलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या आपल्याच हातांनी तोडून सरपणाला घातल्या. त्या वर्षी पाऊस कमी पडला याला वनऱ्हास थेट जबाबदार होता, असे म्हणता येत नाही. मोसमी पावसाचे वर्षावर्षांतील चढउतार प्रशांत महासागराच्या तापमानासारख्या दूरच्या घडामोडींशी निगडित असतात, आणि १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आजच्यापेक्षा अधिक झाडी असलेल्या काळातच पडला होता. परंतु कमी पावसाचे रूपांतर पाणीटंचाईत किती लवकर होते, हे मात्र जमिनीच्या अवस्थेवर ठरते. उलट टोकाची अतिवृष्टीही या विवेचनातून वगळता येत नाही, कारण थोड्या दिवसांत कोसळलेले पाणी ज्या उघड्या उतारावरून ओढ्यात धावते आणि काठची शेते खरवडून नेते, तोच उतार पुढच्या मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो.

प्रदेशाच्या पातळीवर वनांचा पावसाशी असलेला संबंध आता बराच स्पष्ट झाला आहे. जमिनीवरून उडालेली वाफ पुन्हा जमिनीवरच पाऊस होऊन पडते, या क्रियेला पर्जन्याचे पुनश्चक्रण म्हणतात. ब्राझीलच्या एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वजनाने किंचित वेगळ्या अणूंच्या प्रमाणावरून, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस अशा पुनश्चक्रणाचा असल्याचे दाखवले. भारतात मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाडीच्या प्रदेशाचे पीकजमिनीत रूपांतर झाल्याने बाष्पोत्सर्जन घटते आणि मोसमी पाऊस क्षीण होतो, असे आढळले. हा परिणाम गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात विशेष ठळक होता. त्याआधी २०१५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी संगणकीय प्रतिमानाच्या आधारे, पृथ्वीवरील वने फार मोठ्या प्रमाणात नष्ट झाली तर पर्जन्यपट्टाच दक्षिणेकडे सरकेल आणि भारतातील पाऊस १८ टक्क्यांपर्यंत घटू शकेल, असा इशारा दिला होता. तो काल्पनिक टोकाच्या परिस्थितीचा हिशेब आहे. पण दूरच्या खंडावरील वनतोड येथील पावसाला स्पर्श करू शकते, हे त्याने दाखवून दिले.

जालन्यापुरते पाहिले तर याचा अर्थ असा होतो की जिल्ह्याच्या पावसातील जो वाटा जमिनीवरच्या वाफेतून येतो तो मुख्यतः वाऱ्याच्या दिशेला असलेल्या, म्हणजे सह्याद्री आणि गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील हिरवळीशी निगडित आहे. पाण्याच्या बाबतीतही तसेच आहे : जालना शहराला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून, अंबड, घनसावंगी आणि परतूरला कालवा येतो तो तेथूनच, आणि नाथसागराचे पाणलोट नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील डोंगरांत आहे. म्हणून नाशिकच्या डोंगरावरील तोड हा जालन्याच्या नागरिकाचाही प्रश्न आहे. जिल्हानिहाय वृक्षारोपणाच्या उद्दिष्टांत ही गोष्ट कुठेच बसत नाही आणि म्हणून ती बोललीही जात नाही.

जागतिक पातळीबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो आणि ते जळले वा कुजले की तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. शेती, वने आणि भूवापर यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन मानवनिर्मित एकूण उत्सर्जनाच्या सुमारे २३ टक्के असल्याचे आंतरशासकीय हवामानबदल समितीच्या २०१९ च्या भूमीविषयक अहवालात नमूद आहे. जालन्याच्या विरळ रानांतून त्यात पडलेली भर नगण्य आहे. त्यातून वाढणारी उष्णता मात्र येथील कोरडवाहू शेतकरी पुरेपूर सोसतो.

उपाय म्हणून झाडे लावावीत हे सर्वांनाच मान्य असते, पण कुठे आणि कोणती, यावर एकमत दिसत नाही. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. अशा मोहिमांत खड्डे आणि रोपे मोजली जातात, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी असलेली झाडे क्वचितच. दुसरे असे की झाडे पाणी पितात. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या मराठवाड्यासारख्याच कोरड्या ऋतूच्या देशातील एका अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले की भूजलाचे पुनर्भरण अगदी उघड्या जमिनीवर कमी, दाट झाडीतही कमी, आणि मध्यम, विरळ झाडीत सर्वाधिक होते. बांधावर कडुनिंब, बाभूळ आणि बोर राखणारी मराठवाड्याची जुनी शेती याच मध्यम प्रमाणाच्या जवळपास होती. निलगिरीची दाट लागवड किंवा गवताळ माळ खणून लावलेले सुबाभळीचे पट्टे त्या प्रमाणाच्या पलीकडे जातात आणि वर काळविटाचा माळही हिरावतात. माळाला गवत परत मिळणे, हेच त्याचे वनीकरण होय.

जिल्ह्यातच याचे एक उदाहरण उपलब्ध आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ पासून पुढील काही वर्षांत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम केले : उतारावर सलग समतल चर, शेतात बांध, पडीक जमिनीवर गवत आणि झाडे, आणि त्याआधी ग्रामस्थांनी मान्य केलेली चराईबंदी व कुऱ्हाडबंदी. २०१२ च्या अवर्षणात आसपासच्या बागा वाळत असताना कडवंचीतील द्राक्षबागा तगल्या, आणि त्या गावाचे नाव राज्यभर झाले ते शेततळी व द्राक्षे यांसाठी. त्यामुळे पुढे अनुकरण झाले तेही शेततळ्यांचेच. अनेक गावांत नाले खोल आणि रुंद झाले, तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले, परंतु माथ्यावरची बंदी कुणी उचलली नाही, कारण ती यंत्राने होत नाही आणि तिचे देयकही निघत नाही. ज्याच्याकडे शेती नाही, चार शेळ्या आहेत, त्याच्यावर चराईबंदीचा भार सर्वांत आधी पडतो. त्याला राखलेल्या रानातील कापून नेण्याच्या गवतात हक्काचा वाटा दिल्याशिवाय बंदी टिकत नाही. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतील डोंगरउतार, तसेच गावोगावची अतिक्रमणातून वाचलेली गायराने, यांच्यावर गवत धरायला दोन-तीन पावसाळे पुरतात. पळस, बोर आणि खैर तेथे बुंध्यातून वा पडल्या बियांतून आपोआप उगवतात आणि त्यांना सावली धरायला दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या मुदतीचा निर्णय एका आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात मावत नाही, तो ग्रामसभेच्या ठरावात मावू शकतो, आणि गायरान कुणासाठी व किती वर्षे राखायचे हा ठराव जालना जिल्ह्यातील बहुतेक गावांत अजून व्हायचा आहे.